जलपर्णीखालची पवना

पिंपरी-चिंचवडला कुणी फिरायला जात नाही. आमच्या भंडारा जिल्ह्यातून तिकडे जातात ती कामाच्या शोधात निघालेली तरणी माणसं, आणि मागाहून कधीतरी सुनेच्या बाळंतपणाला त्यांच्या आया. माझं तिथं नात्याचं कुणी नाही. तरी गेल्या फेब्रुवारीत, एकसष्टाव्या वर्षी, मी तिथं चार दिवस राहून आले. गेले होते ती पाण्यावरची एक वनस्पती बघायला.

आमच्या गावाला मालगुजारीच्या काळातला तलाव आहे. धानाला पाणी तोच देतो आणि ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, घरांना मासे-शिंगाडे तोच देतो. दोन वर्षांपूर्वी ऐन कापणीत असा पाऊस झाला की शेताच्या बांधीत कापून ठेवलेलं धान तरंगलं. वरच्या अंगाचे तलाव भरून वाहिले आणि त्या पाण्याबरोबर आमच्या तलावाच्या कोपऱ्यात जांभळ्या फुलांची चार-दोन झुडपं आली. बायकांना फुलं आवडली. एकीनं तर देवाला वाहिली. उन्हाळ्यापर्यंत त्या कोपऱ्यात पाणी दिसेनासं झालं. यंदाचा हिवाळा तर नावालाच होता. थंडी पडलीच नाही आणि ती हिरवळ थेट शिंगाड्यांच्या वेलांवर चढली.

आमच्याकडची मत्स्य संस्था बायकाच चालवतात. त्यांच्या बैठकीत ठरलं की कुणीतरी पिंपरी-चिंचवडला जाऊन ही जलपर्णी कशी काढतात ते बघून यावं, कारण गावचा दिलीप तिथं त्याच कामावर आहे. दिलीप माझा विद्यार्थी. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकला. त्याचा धाकटा भाऊ मनोहर, तोही माझाच विद्यार्थी. मनोहर त्याच पावसाळ्यात, एकोणतिसाव्या वर्षी, तिकडच्या नदीत बुडून गेला होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या दोघांची आई, सगुणाबाई, माझ्याकडे आली. उकडलेल्या शिंगाड्यांची पुरचुंडी तिनं माझ्या हातात दिली आणि उंबऱ्यावरच बसली.

"बाई, तुमी जाऊन राहिल्या तं येवढं इचारून या. माहा पोरगा पान्यात कसा बुडला?"

ती रडत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. मनोहर सात वर्षांचा असताना तलाव पोहून पार करायचा. ढिवराचं पोर पाण्यात बुडतं कसं? गावात लोक काहीबाही बोलायचे. कुणी म्हणे दारू पाजली, कुणी म्हणे ढकलला. दिलीप भावाला घेऊन आला, तेरावा करून गेला, तो पुन्हा गावात आलाच नाही. आईनं फोनवर विचारलं की एकच वाक्य म्हणायचा, "नदीले पानी जास्त होतं."

मी सगुणाबाईला म्हटलं, विचारून येते. म्हणून टाकलं खरं, पण रात्रभराच्या प्रवासात मला तलावाची काळजी कमी आणि त्या प्रश्नाचीच जास्त होती.

रहाटणी, शनिवार

दिलीपनं सांगून ठेवलं होतं, "बाई, पुण्याला उतरलात की पिंपळ्याची बस धरा." मी पिंपळ्याची बस धरली. बरंच अंतर गेल्यावर कंडक्टर तिकीट बघून म्हणाला, "मावशी, पिंपळे तीन आहेत. गुरव, निलख आणि सौदागर. तुमचं कुठलं?"

मी म्हटलं, "दिलीपचं."

सगळी बस हसली. शेवटी एका बुरखा घातलेल्या बाईनं माझ्या चिठ्ठीवरचा पत्ता वाचला, माझी पिशवी स्वतः उचलून मला खाली उतरवलं, रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला दरडावून सांगितलं की यांना रहाटणीत नीट सोडायचं, मध्येच कुठंतरी नाही. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

रहाटणीत मोठ्या रस्त्याला उंचच उंच इमारती आणि आतल्या गल्लीत दोन-दोन खोल्यांची घरं. दिलीपच्या गल्लीत एक घर लातूरचं, एक बुलढाण्याचं, एक कोकणातलं. खाली पंक्चरचं दुकान. मूळ इथलं कोण, असं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दिलीपची बायको सुरेखा आमच्याच पंचक्रोशीतली. मी नेलेल्या तांदळाची पिशवी तिनं उघडली आणि आधी त्यात तोंड घालून वास घेतला. मग झिंग्यांची भाजी आणि भात. भात वाढताना ती म्हणाली, "इथं सगळे भाकरी खातात, बाई. कंपनीत माझा डबा बघून विचारतात, दोन्ही वेळा भात? पोट भरतं का?"

आमच्याकडे दिवस मावळला की माणसं अंगणात येऊन बसतात. इथं दिवस मावळायच्या आत दारं-खिडक्या बंद होतात. नदी जवळ आहे आणि नदीवर जलपर्णी आहे, म्हणजे डास. जेवताना सुरेखाच्या डाव्या हातात डास मारायची रॅकेट होती. दर दोन घासांना तट् तट् आवाज यायचा आणि कुणी मान वर करून बघायचंसुद्धा नाही.

मी दिलीपला नीट बघून घेतलं. बेचाळीस वर्षांचा असेल. कानशिलावरचे केस पांढरे झालेले, हाताच्या त्वचेवर कोपरापर्यंत चट्टे. ताटावर बसलेलाच होता तेव्हा मी मनोहरचं नाव काढलं. त्यानं हात धुतले आणि म्हणाला, "उद्या तुम्हाला नदी दाखवतो, बाई."

थेरगाव, रविवार

डांगे चौकात आम्ही मिसळ खाल्ली. तर्री बघून मला वाटलं, आपण सावजी खाणारी माणसं, आपल्याला काय होतंय. तीन घासांत डोळ्यांतून पाणी आलं. दिलीप पहिल्यांदा हसला, अगदी चौथीतल्यासारखा.

तिथून त्यानं मला मोटारसायकलवर काठाकडे नेलं. दोन इमारतींच्या मधून खाली एकदम मोकळं रान दिसलं, हिरवंगार, सपाट, मध्ये पांढरे बगळे पायी फिरताहेत.

मी म्हटलं, "अरे वा, शहरात एवढं शेत राहिलंय अजून!"

दिलीप म्हणाला, "बाई, ती नदी आहे."

मी गाडीवरून उतरून बघत राहिले. या काठापासून त्या काठापर्यंत पाण्याचा एक थेंब दिसत नव्हता. पवना कुठून कुठं वाहते हेही कळत नव्हतं, कारण वाहणारं काही दिसतच नव्हतं. गुडघ्याएवढी पानं, फुगीर देठ, मध्ये मध्ये फिक्या जांभळ्या फुलांचे तुरे. आमच्या तलावात जे चार-दोन झुडपांनी आलं होतं, त्याचं हे पुढचं वय.

काम मशीननं चालतं. पाण्यावर तरंगणारं कापणीयंत्रच म्हणा. पुढचा पट्टा पाण्यात घुसून जलपर्णी ओढून वर घेतो, मागं ढीग होतो, काठावर आलं की जेसीबी तो ढीग ट्रकमध्ये भरतो. दिलीप वर जाऊन बसला आणि दीड तास मी काठावरून बघितलं. मशीन एक वाट पाडायचं, काळं पाणी उघडं पडायचं, त्याचा वास यायचा, आणि मशीन वळून परत येईपर्यंत दोन्ही बाजूंची जलपर्णी हळूहळू सरकून ती वाट अर्धी मिटवून टाकायची.

जेवायच्या सुट्टीत तो खाली आला. मी वही काढली. शाळेत मी त्याला प्रश्न विचारायची, आता तो मला शिकवत होता.

"ही नुसती वनस्पती नाही, बाई. शहराचं घाण पाणी म्हणजे हिचं खत. ते येत राहतं तोवर ही येत राहणार. पूर्वी थंडीत जरा दमायची म्हणतात, आता डिसेंबरातही दमत नाही. आम्ही इथलं काढलं तरी वरच्या अंगाला जे राहतं ते पावसात खाली येतं. खालच्या गावाचे लोक म्हणतात तुम्ही ढकलली, आणि आम्ही वरच्यांना तेच म्हणतो. एकाच आठवड्यात वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी मिळून काढली तर काही होईल. पण तसं एकदाही झालेलं मी बघितलं नाही."

"मग आमच्या तलावाला असं मशीन मिळेल का?"

"नको. पट्ट्यात हिचे तुकडे होतात. एक तुकडा राहिला की त्याचं झुडूप. तुमच्या तलावातली अजून हातानं निघेल. मुळासकट काढा. फूल येऊ देऊ नका, बी एकदा गाळात गेलं की वर्षानुवर्षं उगवत राहतं. आणि काढलेली काठावर ठेवू नका, लांब नेऊन वाळवा."

मी सगळं लिहून घेतलं. लिहून झाल्यावर लक्षात आलं की तो सारखा 'तुमच्या तलावाला' म्हणत होता. एकदाही 'आपल्या' म्हणाला नाही.

चाकण, सोमवार

मनोहर नदीवर कामाला नव्हताच. तो चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सीटा शिवायच्या खात्यात ठेक्यावर होता. त्याच्याबरोबर खोलीत राहणारा बालाजी, लातूरकडचा, मी आल्याचं कळल्यावर दिलीपला म्हणाला, मावशींना एकदा माझ्याकडे पाठवा. सोमवारी त्याची सुट्टी होती. मोशीवरून जाताना एकावर एक नव्या गाड्या रचलेले ट्रेलर बसच्या काचेला घासून चालले होते. चाकणला कंपन्यांची लांबच लांब पत्र्याची छपरं, आणि शिफ्ट सुटलेली पोरं, सगळी राखाडी शर्टातली. त्यांच्यातून आपला कुठला ते आईलासुद्धा ओळखता आलं नसतं.

बालाजी पस्तिशीचा, अंगानं बारीक, बोलायला मोकळा. मला वाटलं खोली दाखवेल. तो म्हणाला, "खोलीत काय हाय मावशी, दुसरं पोरगं राहायला आलंय आता. तुमाला दुसरंच दाखवायचंय."

त्यानं मला गाडीवर बसवून भामा नदीच्या अंगाला नेलं. कंपन्या मागं पडल्या, कांद्याची शेतं लागली आणि एका गावाबाहेर पाझर तलाव आला. छोटासाच. पण पाणी उघडं होतं. तीन दिवसांत पहिल्यांदा मला पाण्यात आभाळ दिसलं.

"इथं यायचा बगा तो," बालाजी म्हणाला. "सुट्टी दिशी भावाकडं गेला तर गेला, नायतर दुसरीकडं कुठं जायचाच नाही. पोरं मॉलला जायची, हे बेणं तळ्यावर. गळ टाकून बसायचा. एकदा काठाला ती जलपर्णी दिसली, तं गावातल्या लोकाला बोलावून आनलं त्यानं. म्हनला, आजच काडा, उद्या निघनार नाही."

तलावाच्या तोंडाशी, जिथून ओढा आत येतो तिथं, बांबूंची एक लांब माळ पाण्यावर तरंगत होती. बांबू एकमेकांना दोरानं बांधलेले, दोन्ही टोकं काठावरच्या खुंट्यांना, मधे बाक देऊन सैल सोडलेली. वरून वाहत येणारी जलपर्णी त्या माळेला अडकते आणि आठवड्याला दोघं जण ती ओढून काढतात. तिथं कांद्याला पाणी देत असलेल्या बाईनं, अलकाताईंनी, आम्हाला पिठलं-भाकरी खाऊ घातली. त्या म्हणाल्या, "बांबू बांधायला तुमच्या मनोहरनंच शिकवलं. आमच्या गावातल्या कुणालाच अशी गाठ येत नव्हती. पाणी चढलं की माळ चढते, उतरलं की उतरते. त्यो गेल्यावर दोन पावसाळं झालं, पण एक गाठ सुटली न्हाई."

मी खाली वाकून ती गाठ बघितली. शिंगाडे काढायची छोटी होडी, डोंगी, खुंट्याला बांधताना आमच्या बायका मारतात तीच होती.

परत निघताना बालाजी म्हणाला, "तो म्हनायचा, दिवाळीला गावी गेलो की आमच्या तलावाला पन अशी माळ बांधनार. तिकडं अजून आलेली नाही, पन येनार. पाऊसच तसा पडायला लागलाय म्हनायचा."

मनोहर जुलैत गेला. आमच्याकडे ती झुडपं ऑक्टोबरात आली. मी बालाजीच्या मागं बसले होते, त्याला माझा चेहरा दिसत नव्हता ते बरं झालं.

नाल्यावरचा पूल, मंगळवार

आता विचारायला एकच दिवस उरला होता. दिलीप पहाटेच कामावर निघून गेला. मी उठायच्या आत निघायचं असं त्यानं ठरवलंच असावं. सुरेखानं त्या दिवशी कंपनीला दांडी मारली. चहा पिताना ती म्हणाली, "बाई, ते बोलणार नाहीत. चला, हिराबाईंकडे नेते."

तिच्या घरापासून खाली दहा मिनिटं चाललं की नदीला लागून एक वस्ती आहे. मधून नाला वाहतो, नाल्यावर छोटासा पूल, पूल कसला, दोन मोठे सिमेंटचे पाइप आणि वर रस्ता. हिराबाई भोयाच्या घरातल्या, सत्तरीच्या पुढच्या. दारात मिरच्या निवडत बसल्या होत्या. सुरेखानं मी कोण ते सांगितलं, तशी त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

आधी त्या नदीबद्दलच बोलल्या. "आमी हितलंच. माझ्या सासऱ्याची होडी व्हती. वाम, मरळ, काय मागाल त्ये मासं व्हतं पवनंत. आता जाळं टाकलं की मांगूर आन् चिलापी. समदं भायेरचं. आपलं व्हतं त्ये गेलं."

मी म्हटलं, "मनोहरच्या आईनं मला विचारायला पाठवलंय."

त्यांनी एकदा पुलाकडे बघितलं. मग बोलल्या त्या एका दमात.

"त्या दिशी धरनातनं पानी सोडल्यालं. नदी फुगली आन् नदीवरची जलपर्णी उलटी नाल्यात शिरली. पुलाच्या पाइपात जाऊन गच्च बसली, बोळा कोंबावा तशी. नाल्याचं पानी जायाचं कुठं? आमच्या घरात. माझ्या सुनंचं बाळ महिन्याचं, खाटंवर ठिवल्यालं, आन् खाटंच्या माचव्यापातुर पानी. तुमचा मनोहर सुट्टी म्हनून भावाकडं आल्याला. कुनीतरी सांगितलं म्हनून कोयता घिऊन पळत आला. आधी पुलावरनं आकड्यानं वडून बघितलं, निघंना. मंग खाली उतराया लागला. मी म्हनलं, 'तोड बाबा, ल्हान बाळ हाय घरात.' मीच म्हनलं, बाई. मीच."

सुरेखानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"तोडत व्हता, तोडत व्हता, आन् एकदम सुटलं समदं. घरातलं पानी बघता बघता उतरलं. आमी आनंदानं वरडलो. टाळ्या वाजिवल्या पोरांनी. मंग कुनीतरी म्हनलं, त्यो कुठंय?"

जलपर्णीचा तो बोळा सुटताना त्याला घेऊनच नदीत गेला होता. आणि वरून वाहत आलेली जलपर्णी खालच्या वळणाला अडून नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत हिरवं छप्पर झालं होतं.

"वर कुठंबी भोक न्हाई. जमीन असल्यागत. कुठं बघायाचं? पवनारा मानूस वर येतो, डोकं भायेर काढतो. हितं वर येऊन डोकं काढायाला जागाच न्हाई. खाली अंधार. मुळ्या हातापायाला. दुसऱ्या दिशी खालच्या वळनाला गावला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "त्याच्या आईला सांगा, पवता येत व्हतं त्याला. लई चांगलं येत व्हतं. पानीच राह्यलं न्हवतं पवायला."

घरातून एक छोटी मुलगी दुडदुडत आली आणि हिराबाईंच्या पाठीला लोंबकळली. मला विचारायची गरज नव्हती. खाटेवरचं बाळ म्हणजे हीच.

आम्ही बाहेर आलो तर पुलावर दिलीप उभा होता. ड्युटी सोडून आला होता. सुरेखानंच फोन केला असणार. ती न थांबता घराकडे निघून गेली.

मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. तो पाइपांकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

"हिराबाईंनी सगळं सांगितलं असेल. पण त्यांना एक माहीत नाही. उतरायच्या आधी त्यानं मला फोन केला होता. मी वरच्या साइटवर होतो, तिथंही धावपळ चालली होती. म्हणाला, दादा, पाइप तुंबलाय, घरांत पाणी शिरलंय, काय करू? हे काम माझं आहे, बाई. मला माहीत होतं, खाली उतरायचं नसतं. उतरायचंच झालं तर कमरेला दोर आणि वर चार माणसं. मी म्हणायला पाहिजे होतं, थांब, मी येतो. मी म्हणालो..." तो थांबला. "मी म्हणालो, उतर, तुला जमेल. तुला काय पाणी नवीन आहे का."

खालून नाल्याचं काळं पाणी पाइपातून संथ जात होतं.

"आईला हे सांगा," तो म्हणाला. "माझ्यानं सांगवत नाही. गावात पाय ठेवला की ती माझ्याकडे बघते, आणि मला वाटतं हिला कळलं."

"सगळं सांगू?"

"सगळं."

गावी

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या बायकांना मी वही वाचून दाखवली. मशीन नको, हातानं काढायची, मुळासकट, फुलं यायच्या आत, आणि आपल्या वरच्या अंगाला जे दोन तलाव आहेत त्या गावांशी बोलून एकाच वेळी काढायची. शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड निघाली. एक गाव तयार झालं, दुसरं अजून आमच्या तोंडावर हो म्हणतं आणि येत नाही. हे लिहिते आहे तोवर आमचा तलाव बराचसा मोकळा झालाय, पण गाळात बी पडलेलं आहे आणि ते निघत राहणार. आमच्यापैकी कुणी 'संपली' असं म्हणत नाही.

सगुणाबाई त्या बैठकीला आली होती. मागं बसली होती. तिनं मला काही विचारलं नाही, आणि मीही भ्याले. चार दिवस मी तिला टाळलं, असंच म्हणायला हवं.

पाचव्या दिवशी ओढ्याच्या तोंडाशी आम्ही बांबूची माळ बांधायला बसलो. बायका बांबू तासत होत्या, सगुणाबाई एकटी टोकाला बसून दोर वळत होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि सांगितलं. आधी चाकणजवळचा तो पाझर तलाव आणि त्याची न सुटलेली गाठ. मग तुंबलेला पाइप, खाटेवरचं बाळ, कोयता, वरचं हिरवं छप्पर. हिराबाईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, की पोहता येत होतं त्याला, पोहायला पाणीच राहिलं नव्हतं. तिचे हात थांबले नाहीत. फक्त बाळाचं सांगितल्यावर विचारलं, "पोरगी बरी हाये?"

"बरी आहे. चालते."

मग मी दिलीपचं सांगितलं. एकही शब्द कमी केला नाही. सांगताना मला वाटत होतं, आपण एका आईकडून तिचा दुसरा मुलगाही काढून घेतो आहोत.

सगुणाबाईनं दोर खाली ठेवला. तलावाकडे बघत राहिली. उघड्या पाण्यावर वारा चालला होता.

"म्हंजे उतरायच्या आधी त्याच्या कानात दिलीपचा आवाज होता," ती म्हणाली.

"हो."

"मंग बरं झालं. परक्या मुलखात घरच्याच मानसाचा आवाज आयकून गेला तो."

थोड्या वेळानं तिनं दोन्ही हात लुगड्याला पुसले. "बाई, दिलीपले फोन लावा."

मी लावला. तिकडून त्याचा आवाज आला आणि मी फोन तिच्या कानाला धरला. माझा हात अवघडला.

मग ती म्हणाली, "जेवला का रे?"